पिसवा मांजरावर कमी, घरात जास्त

पोळा झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात कुत्र्यांच्या गोचिडांबद्दल विचारणा होते, श्रावण-भाद्रपदात मांजरांच्या पिसवांबद्दल. या महिन्यात टपालात दुसरं फारसं काही नव्हतंच, म्हणून सगळं सदर पिसवांनाच दिलं आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढच्या पत्रलेखकांनीही ते आधी वाचावं, त्यांच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथं आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमच्याकडे दोन वर्षांची भुरी मांजरी आहे, चिंगी. श्रावण लागल्यापासून सारखी खाजवूनच राहिली आहे. शेपटीच्या मुळाशी केस गेले, मानेवर बारीक खपल्या आल्या. पिसू म्हणावी तर हाताला एखादीच लागते. शाम्पूनं आंघोळ घातली, मग दुकानातून पावडर आणून लावली. चार दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. आता माझ्या आणि मुलाच्या घोट्यांवर लाल गांधी उठतात. यंदा मारबतीच्या मिरवणुकीत रोगराई घालवायला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणताना मनात पिसवांचंही नाव घेतलं. सासूबाई म्हणतात, मांजरीला दूर सोडून द्या. मी काय करू?
— एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : ताई, चिंगीला सोडू नका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की मांजर गेल्यानं पिसवा जात नाहीत. त्यांचं हक्काचं जेवण तेवढं जातं, आणि घरात आधीच असलेल्या पिसवा माणसांच्या पायांकडे वळतात. मांजर नदीपलीकडे सोडून आलेली आणि त्यानंतर लेकरांचे चावलेले पाय दाखवायला आलेली कुटुंबं मी दवाखान्यात पुष्कळ पाहिली आहेत. एक जीव रस्त्यावर जातो आणि घरातला त्रास आहे तिथंच राहतो.

तुमचे कष्ट वाया का गेले, ते आधी बघू. मांजराची पिसू (शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडिस फेलिस) एकदा अंगावर चढली की सहसा खाली उतरत नाही. तिथंच रक्त पिते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असलेली मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. उवांच्या लिखा केसाला चिकटून बसतात, तशी ही अंडी बसत नाहीत. ती गुळगुळीत असतात. मांजर जिथं झोपते, जिथून उडी मारते, जिथं अंग झटकते, तिथं गळतात. त्यातून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात. दिवाणाखाली, सोफ्याच्या शिवणीत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत, पायपुसण्याच्या उलट्या बाजूला शिरून बसतात. तिथं त्यांचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा. ते चिंगीचंच वाळलेलं रक्त असतं, अंड्यांबरोबर खाली गळलेलं. पुढं अळी स्वतःभोवती चिकट धाग्यांचा कोश विणते. कोशाला धूळ-माती चिकटते, आणि मग तो समोर असूनही नजरेला पडत नाही.

अशा घरातल्या पिसवांची सगळ्या अवस्थांसकट मोजदाद केली, तर ढोबळमानानं निम्मी अंडी निघतात, एक तृतीयांशाहून थोड्या जास्त अळ्या, दहावा हिस्सा कोश. अंगावर नाचणाऱ्या मोठ्या पिसवा उरतात फक्त पाच टक्के. तुम्ही शाम्पूनं आणि पावडरीनं या पाच टक्क्यांशी लढत होतात. बाकीच्या घरात होत्या, आणि चार दिवसांनी त्यांतल्याच वर चढत होत्या.

यात आपल्या नागपूरचा म्हणून एक भाग आहे, तो मला मुद्दाम सांगायचा आहे. पिसूच्या अळीला ओल लागते. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या खाली गेली किंवा पारा ३५ अंशांच्या वर टिकून राहिला, की ती वाळून मरते. म्हणजे आपला नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) पिसवांचा नायनाटच करायला हवा, आणि घराबाहेर तो करतोही. मे महिन्यात अंगणातल्या उघड्या मातीत अळी तग धरत नाही. पण घरात आपण खिडकीला कूलर लावतो. कूलरची हवा गार असते आणि ओलीही. बाहेर ४५ अंश असताना त्या खोलीत अळीला हवी तेवढी ओल, हवा तेवढा गारवा मिळतो, आणि मांजरही दिवसभर कूलरसमोरच पसरलेली असते. उन्हाळा अशा खोलीत काढलेल्या थोड्या पिसवा मृगाच्या पावसानंतर वाढू लागतात आणि पोळ्यापर्यंत घर भरतं. तुम्हाला त्रास श्रावणात जाणवला, पण त्याची सुरुवात कूलरच्या खोलीतच झाली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. उन्हाळ्यात पिसवा आपोआप मरतात, हा समज कूलर असलेल्या घरानं सोडून द्यावा.

आता चिंगी. तिच्या अंगावर पिसू क्वचित दिसते याचा अर्थ पिसवा नाहीत असा नाही. मांजर स्वतःला चाटून-चावून बऱ्याच पिसवा गिळून टाकते. खात्री करायची तर पांढरा कागद ओला करून जमिनीवर ठेवा, तिला त्यावर उभी करा आणि बारीक दातांच्या फणीनं पाठ, शेपटीचं मूळ, मानेखालची बाजू विंचरा. कागदावर काळे कण पडतील. त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा. नुसती माती असेल तर काळीच राहील. केस गेले आहेत आणि खपल्या आहेत, त्यावरून तिला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असावी. अशा मांजराला दोन-चार चावेही पुरतात. म्हणून तिला एकदा डॉक्टरांना दाखवा, खाज थांबायला वेगळं औषध लागेल.

पिसवांसाठी मानेवर थेंब टाकायचं औषध घ्या. दुकानात ‘स्पॉट-ऑन’ म्हटलं की कळतं. त्यात फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असतं. काहींत फिप्रोनिलच्या जोडीला मेथोप्रीन असतं, ते अंडी-अळ्यांची वाढ थांबवतं, आणि तुमच्यासारख्या घराला मी तेच सुचवीन. खोक्यावर मांजराचं चित्र आणि ‘मांजरासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. वजनाची मर्यादा वाचा. घरी वजन करायचं असेल तर आधी तुम्ही एकट्या काट्यावर उभ्या राहा, मग तिला घेऊन, आणि फरक काढा. औषध टाकताना डोक्याच्या मागं, मानेच्या वरच्या टोकाशी केस बाजूला सारून थेट कातडीवर थेंब सोडायचे. तिथं तिची जीभ पोचत नाही. केसांवरच ओतलं तर निम्मं वाया जातं. औषधाच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. घरात दुसरी मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यालाही त्याच दिवशी, त्याचं स्वतःचं औषध. कारण ही पिसू कुत्र्यावरही सुखानं राहते. पावडरीचा डबा मात्र बाजूला ठेवा. मांजर दिवसाचा मोठा भाग स्वतःला चाटण्यात घालवते, अंगावर भुरभुरलेलं सगळं तिच्या पोटात जातं.

औषध लावलं त्याच दिवशी घर हाती घ्या. चिंगी झोपते ती गोधडी, दिवाणावरची चादर, उशांचे अभ्रे, पायपुसणी, सगळं हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवून धुवा आणि ऊन पडलं की गच्चीवर दिवसभर टाका. धुता न येणारी जुनी पोती, पुठ्ठ्याची खोकी, जिन्याखालचं चिंध्यांचं गाठोडं यांचा मोह सोडा, सरळ घराबाहेर काढा. मला बहुतेक घरांत अळ्या सापडल्या त्या अशाच ठिकाणी, जिथं कुणी झाडू घालत नाही पण मांजर दुपारी जाऊन झोपते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोफ्याच्या फटी, गादीच्या शिवणी, भिंतीकडेच्या फरशीच्या सांध्यांतून रोज फिरवा आणि पिशवीतला कचरा लगेच घट्ट बांधून बाहेर टाका. नसेल तर फड्यानं सांधे झाडून गरम साबणाच्या पाण्यानं पुसा. रात्री जमिनीवर पसरट ताटात पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, आणि वर दिवा खाली झुकवून ठेवा. पिसवा उजेडाकडे उडी मारतात आणि साबणाच्या पाण्यात बुडतात. यानं घर साफ होणार नाही, पण सकाळी ताट बघितलं की कुठल्या खोलीत जोर जास्त आहे ते कळतं, आणि आठवड्या-आठवड्याला आकडा उतरतो आहे का तेही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. औषध टाकल्यावर पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी तुम्हाला पुन्हा उड्या मारणाऱ्या पिसवा दिसतील. घाबरू नका आणि औषध बदलू नका. त्या कोशांतून निघालेल्या नव्या पिसवा आहेत. कोशाला कुठलंही औषध भेदत नाही. आतली पिसू पावलांचा कंप, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते, चिंगीवर चढते, आणि चिंगीच्या अंगावर औषध असेल तर दिवस-दोन दिवसांत मरते. म्हणून औषध लावलेल्या मांजरीला खोलीत कोंडू नका. तिला घरभर नेहमीसारखं हिंडू द्या, तीच घर रिकामं करते. दर महिन्याला एक याप्रमाणे निदान तीन महिने औषध चुकवू नका. दुसऱ्या महिन्यात खाज थांबली म्हणून तिसरा डोस टाळणारे लोक मला दिवाळीत पुन्हा पत्र लिहितात.

प्रश्न : आमच्याकडे लॅब्रॅडोर आहे आणि आता एक मांजराचं पिल्लूही आलं आहे, पाच महिन्यांचं. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांच्या औषधाची एक नळी शिल्लक आहे. पिल्लू लहान आहे म्हणून त्यातला चौथा हिस्सा लावला तर चालेल का? औषध महाग आहे, वाया घालवावंसं वाटत नाही.
— प्रतापनगर

उत्तर : नाही. चौथा हिस्सा नाही, एक थेंबही नाही. हे पत्र मला मिळाल्याच्या दिवशीच तुम्हाला उलट टपाली कळवलं आहे, तरी सगळ्यांसाठी इथं पुन्हा लिहिते.

कुत्र्यांच्या पुष्कळ औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडून टाकतं. मांजराच्या यकृतात ते मोडणारी यंत्रणा फार अपुरी आहे, त्यामुळे ते रक्तात साठत जातं आणि मज्जातंतूंवर चढतं. कान आणि चेहरा फडफडू लागतो, लाळ गळते, अंग थरथरतं, मग झटके येतात. काही तासांतही हे सुरू होतं आणि एक-दोन दिवसांनीही. उपचाराविना मांजर दगावते. वजन कमी म्हणून मात्रा कमी करायचा हिशेब इथं लागू पडत नाही, कारण दोष मात्रेत नाही, औषधातच आहे. गुरांच्या गोचिडांवर फवारायचं डेल्टामेथ्रिन आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं अमिट्राझ यांनाही मांजराजवळ आणू नका.

कुणाकडून असं औषध चुकून लागलं असेल तर वाट बघत बसायचं नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन ती जागा धुवायची. पाणी गरम नको, त्यानं कातडीचा रक्तपुरवठा वाढतो आणि औषध जास्त शोषलं जातं. लगेच कोरडं करून उबदार कपड्यात गुंडाळायचं, औषधाचं खोकं बरोबर घ्यायचं आणि जवळचा दवाखाना गाठायचा. सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयातही जनावरांवर उपचार होतात. वेळेत पोचलेली मांजरं वाचतात.

आणि तुमच्या लॅब्रॅडोरला ती नळी लावणार असाल तर तो भाग पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो दोन-तीन दिवस, पिल्लाला त्याच्या अंगावर झोपू देऊ नका, त्याला चाटू देऊ नका. पुढच्या वेळी मात्र डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगून कुत्र्याचं औषधच बदलून घ्या.

प्रश्न : आम्ही नंदनवनमध्ये भाड्यानं घर घेतलं. घर उन्हाळ्यापासून बंद होतं. आमच्याकडे कुठलाही प्राणी नाही. सामान लावायला आत गेलो आणि दहा मिनिटांत पायांवर काळे ठिपके उडताना दिसले. शेजारी म्हणतात, घर बाधलेलं आहे, आधी शांत करून घ्या. घरमालक म्हणतात, तुमच्याच सामानातून आलं.
— नवीन भाडेकरू

उत्तर : पूजा-शांत करायची तुमची श्रद्धा असेल तर जरूर करा, पण घर बाधलेलं नाही. आणि तुमच्या सामानाचाही दोष मला दिसत नाही. आधीच्या भाडेकरूंकडे मांजर असावी, किंवा बंद घराच्या बाल्कनीत, माळ्यावर एखाद्या मांजरीनं पिल्लं घातली असावीत. मांजर गेली, कोश राहिले. खायला कुणी नाही म्हटल्यावर कोशातली पिसू बाहेर पडायची घाई करत नाही, चार-पाच महिनेही थांबू शकते. तुम्ही दार उघडलंत, कपाटं ओढलीत, फरशी हादरली. महिनोन्‌महिने थांबलेल्या सगळ्या पिसवा एकदम बाहेर आल्या.

यातली चांगली गोष्ट अशी, की घरात प्राणी नसल्यानं नवी अंडी पडणार नाहीत. माणसाच्या रक्तावर मांजराची पिसू नीट वाढत नाही, आपल्या केसांत राहत नाही. ती चावते आणि उतरते. म्हणून डोक्याला औषध लावत बसू नका. पहिले काही दिवस पांढरे लांब मोजे घालून सगळ्या खोल्यांतून मुद्दाम फिरा, पांढऱ्यावर पिसू लगेच दिसते. रोज झाडून, पुसून कोश जागे करा. गाद्या टाकण्याआधी पेस्ट कंट्रोल करून घ्या आणि त्या माणसाला सांगा, की नुसतं मारायचं औषध नको, पायरीप्रॉक्सिफेनसारखं वाढ थांबवणारंही मिसळ. बाळ असेल तर फरशी वाळून घर हवेशीर होईपर्यंत त्याला आत नेऊ नका. माशांची टाकी असेल तर झाका आणि तिचा पंप बंद ठेवा, ही औषधं माशांना मारतात. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला मांजराबद्दल आधी सांगायचं, आणि सगळं कोरडं ठाक होईपर्यंत तिला दुसरीकडे ठेवायचं. आणि माळा बघा. पुन्हा आत यायला मांजरीला कुठली खिडकी उघडी आहे ते शोधा.

प्रश्न : आमची काटोलला संत्र्याची बाग आहे. साली उकळून तो काढा घरात शिंपडला तर पिसवा जातात असं वाचलं. सालींचं तेल मांजराला लावावं का? कडुनिंबाचं तेल, कापूर, डांबरगोळ्या, यांतलं काय चांगलं?
— काटोल रोड

उत्तर : दादा, संत्र्याच्या सालीत लिमोनीन असतं आणि ते पिसूला मारतं, इतपत तुम्ही वाचलेलं खरं आहे. पण सालीचं तेल मांजराच्या अंगावर गेलं तर तिला लाळ सुटते, तोल जातो, अंग थरथरतं. पर्मेथ्रिनबद्दल वर जे लिहिलं तीच अडचण इथं आहे, मांजराचं यकृत अशी तेलं पचवत नाही. सालींचा पातळ काढा अंगणातल्या पायऱ्यांवर शिंपडलात तर माझी हरकत नाही, पण त्यानं अळ्या-कोश संपतील अशी आशा धरू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्याच्या कोठीत ठेवा. तेल मांजराला लावू नका, ती ते चाटते आणि त्यानंही आजारी पडते. कापूर नको. डांबरगोळ्या तर मुळीच नको, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लसूण खायला घातला की पिसवा पळतात असंही कुणी सांगेल, त्या लसणानंही मांजराच्या लाल पेशीच फुटतात. रॉकेलनं कातडी भाजते.

फिनाईलबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ते विषारी आहे असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही, रोज फरशीला लावतो ना. ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि मग बसून पंजे चाटते. दर पावसाळ्यात फिनाईलनं जिभेला फोड आलेली मांजरं माझ्याकडे येत. मांजर असलेल्या घरात फरशी साबणाच्या गरम पाण्यानं पुसा, तेवढं पुरतं. आणि शेतघरात गॅमेक्झिन या जुन्या कीटकनाशक पावडरीचा डबा पडलेला असेल तर तो उघडू नका. ते कीटकनाशक भारतात बंद झालेलं आहे, मांजरालाही ते घातक आहे आणि माणसालाही.

प्रश्न : माझं वय ७८. नागपूरच्या महाल भागात राहतो. नातीनं मांजर आणली आहे, तिच्या अंगावर पिसवा आहेत. माझी आजी प्लेगात घर सोडून माळावर झोपडीत राहिल्याच्या गोष्टी सांगायची. पिसवांनी प्लेग होतो ना? नातीला कसं समजवावं?
— आजोबा

उत्तर : आजोबा, तुमची भीती ऐकीव नाही, त्या पिढीनं जे भोगलं त्यातून ती आली आहे. प्लेग पिसूमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. पण ती पिसू मुख्यतः उंदरावरची, झेनोप्सायला केओपिस. नातीच्या मांजरावर आहे ती बहुधा वेगळ्या जातीची, आणि प्लेग पसरवण्यात तिची भूमिका फार किरकोळ मानतात. आपल्या राज्यात १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आढळला आणि त्याच सुमाराला सुरतेत, तेव्हाही काळजी उंदरांचीच होती. महालातल्या जुन्या वाड्यांत घुशी-उंदीर आहेतच. तिथं उंदीर कारणाशिवाय पटापट मरून पडताना दिसले तर त्यांना हात न लावता महापालिकेला कळवा. हे तुम्हाला नातीपेक्षा चांगलं समजेल.

मांजराच्या पिसवांपासून माणसाला दुसरा एक त्रास होऊ शकतो. बार्टोनेला नावाचा जंतू पिसूच्या विष्ठेत असतो, ती मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्या अंगात जाते. ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचा. नंतर त्या बाजूच्या काखेत किंवा मानेत गाठ आली, ताप आला, तर डॉक्टरांना मांजर ओरखडल्याचं आवर्जून सांगायचं. तुमच्या वयाला ही काळजी थोडी जास्तच घ्या. नातीला मांजर परत द्यायला सांगू नका. तिच्याबरोबर बसून पहिल्या पत्राचं उत्तर वाचा आणि औषधाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही लिहून ठेवा.

प्रश्न : इतवारीत आमच्या गोदामात पोत्यांमागं मांजरीनं पिल्लं घातली. महिनाभराची असतील. पिसवांनी भरली आहेत, एक तर नुसतं पडूनच असतं. मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे चिकटलेले दिसतात. काय द्यावं?
— एक व्यापारी

उत्तर : भाऊ, जे पिल्लू पडून आहे त्याचा ओठ वर करून हिरडी बघा. पांढरी फटक असेल तर हे सदर पुढं वाचू नका, त्याला कापडात गुंडाळून दवाखान्यात न्या. एवढ्याशा जिवात रक्त किती असणार, पिसवा ते पिऊन संपवतात. हे पिल्लू आज रात्रीही जाऊ शकतं.

बाकीची पिल्लं हिंडत-फिरत असतील तर त्यांना मानेवरचं औषध नको, ते साधारण आठ आठवड्यांच्या पुढंच. कोमट पाणी घ्या, लहान मुलांचा सौम्य शाम्पू घ्या. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पिसवा पळून डोळ्यांत आणि कानांत शिरतात. डोकं कोरडं ठेवून बाकी अंग झटपट धुवा, बारीक फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका आणि लगेच टॉवेलनं पुसून उबेला ठेवा. ओलं पिल्लू गारठून मरतं, म्हणून एका वेळी एकच. त्यानंतर फणी रोज.

आईला मात्र आत्ताच औषध हवं, कारण पिल्लांवरच्या पिसवा तिच्यावरून येतात. दूध पाजणाऱ्या मांजरीला सेलामेक्टिन चालतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. ज्या पोत्यांवर ती व्याली ती जाळा किंवा दूर टाका, आणि तिला स्वच्छ खोक्यात धुतलेलं जुनं सुती कापड द्या. ते कापड दोन-तीन दिवसांनी बदलत राहा.

आणि ते पांढरे तुकडे पट्टकृमीचे आहेत. पिसूची अळी या कृमीची अंडी खाते, तीच पुढं पिसू होते, मांजर अंग चाटताना ती गिळते आणि कृमी पोटात वाढतो. लहान मुलानं चुकून पिसू गिळली तर त्यालाही होतो, म्हणून गोदामात खेळणाऱ्या मुलांचे हात धुवून घ्या. त्यावर प्रॅझिक्वांटेलची गोळी लागते, मात्रा मांजरीच्या वजनावर ठरते. गोळी आणि पिसवांचं औषध एकाच सुमारास द्या. नुसतीच गोळी दिलीत तर पुढच्या महिन्यात शेपटीखाली तेच तुकडे पुन्हा दिसतील.